ताणा, बाणा आणि सहा शतके : आँजे येथील चित्रजवनिकांची संग्रहालये

भिंतीवर टांगावयाच्या आणि चित्रांनी भरलेल्या विणीव वस्त्राला आपल्याकडील कोशकारांनी 'चित्रजवनिका' असा शब्द योजिला आहे. शब्द काहीसा जड आहे. परंतु त्यामागील कल्पना सोपी आहे. वस्त्र आधी विणून मग त्यावर रंगविलेले किंवा भरतकामाने काढलेले चित्र म्हणजे चित्रजवनिका नव्हे. जेथे चित्र आणि वस्त्र ही दोन्ही मागावर एकाच वेळी जन्माला येतात, तेथेच हा शब्द लागू पडतो. फ्रान्समधील बेयो येथील सुमारे ७० मीटर लांबीचा जगप्रसिद्ध पट सर्वत्र चित्रजवनिका म्हणून ओळखला जातो. वस्तुतः ते लिननच्या कापडावर लोकरीने केलेले भरतकाम आहे. नावे अशी फसवी असतात.

खऱ्या चित्रजवनिकेचा जगातील एक थोर नमुना पाहावयाचा असेल, तर फ्रान्सच्या पश्चिम भागात मेन नदीच्या काठी वसलेल्या आँजे या शहरी जावे लागते. चौदाव्या शतकातील आणि विसाव्या शतकातील अशा दोन प्रचंड चित्रजवनिका या एकाच शहरात, नदीच्या दोन तीरांवर आहेत, आणि दुसरी ही पहिलीला दिलेले उत्तर आहे. गेल्या उन्हाळ्यात घरगुती निमित्ताने फ्रान्सला जाण्याचा योग आला असता प्रस्तुत लेखकाने दोन दिवस या शहरात काढले. पॅरिसहून वेगवान आगगाडीने हा प्रवास सुमारे दीड तासाचा आहे.

किल्ल्यातील अंधारे दालन

आँजेचा किल्ला दुरूनच ओळखू येतो. काळसर पाटीच्या दगडात पांढऱ्या दगडाचे पट्टे घालून बांधलेले सतरा गोल बुरूज उभे आहेत. हा किल्ला तेराव्या शतकातील. किल्ल्याच्या आवारात शिरल्यावर आपण ज्या इमारतीकडे वळतो ती मात्र अलीकडची, १९५४ मध्ये केवळ एका चित्रजवनिकेसाठी बांधलेली आहे. दार उघडून आत गेल्यावर पहिला अनुभव येतो तो अंधाराचा. क्षणभर काहीच दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि समोरच्या भिंतीवर तांबड्या व निळ्या पार्श्वभूमीवरील आकृत्या एकामागून एक प्रकट होऊ लागतात. भिंत संपते, कोपरा वळतो आणि चित्रे पुढे चालूच राहतात. सुमारे शंभर मीटर.

बायबलच्या नव्या करारातील अखेरचा ग्रंथ 'प्रकटीकरण' या नावाने मराठीत ओळखला जातो. संत योहानाला झालेले जगाच्या अंताचे आणि त्यानंतरच्या नव्या नगरीचे दर्शन त्यात वर्णिले आहे. आँजू प्रांताचा अधिपती पहिला लुई याने १३७० नंतरच्या दशकात या ग्रंथावर आधारित चित्रजवनिका करविली. आराखडे जाँ बाँदोल या राजचित्रकाराने केले. विणकामाची व्यवस्था पॅरिसचा व्यापारी निकोला बाताय याच्याकडे होती. चित्रांना आधार म्हणून लुईने आपला बंधू राजा पाचवा चार्ल्स याच्या ग्रंथसंग्रहातील एक सचित्र पोथी मागून आणली होती, अशी नोंद त्या संग्रहाच्या यादीत मिळते. मूळ चित्रजवनिका सहा खंडांची होती. प्रत्येक खंडाच्या प्रारंभी छत्रीखाली बसून वाचन करणारी एक मोठी आकृती, आणि पुढे दोन ओळींत चौदा प्रसंग. एकूण लांबी सुमारे १४० मीटर आणि उंची सुमारे ६ मीटर होती.

फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यातील शतवार्षिक युद्ध तेव्हा चालू होते. १३४८ मधील प्लेगच्या महामारीची आठवण घराघरांत ताजी होती. हे ध्यानात घेतले म्हणजे सात मस्तकांचा अजगर, घोड्यावर बसलेला मृत्यू, कोसळणारी नगरे ही चित्रे पाहणाऱ्यांना केवळ धर्मग्रंथातील दृष्टांत वाटत नसतील, हे पटते. प्रत्येक प्रसंगाच्या कडेला एका लहानशा मंडपात संत योहान उभा आहे. कधी तो तोंड झाकून घेतो, कधी वाकून पाहतो, कधी रडतो. अजगराकडे पाहून मन भरले तरी योहानाकडे पाहून भरत नाही. विणकराने एका वृत्तनिवेदकाचीच जागा तेथे दाखविली आहे, असे माझ्यासारख्या माहिती खात्यातील माणसाला वाटून गेले.

वीण कशी असते

येथे थोडे तांत्रिक विवेचन आवश्यक आहे. विशेषतः शिक्षकांना ते वर्गात उपयोगी पडेल. साध्या कापडात धोटा बाण्याचा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नेतो. चित्रजवनिकेत तसे होत नाही. प्रत्येक रंगाचा बाणा आपापल्या क्षेत्रापुरताच जातो आणि तेथूनच माघारी फिरतो. तांबड्या झग्याचा धागा झग्याची कड आली की वळतो. शेजारच्या निळ्या आकाशाचा धागा तेथून आपले काम सुरू करतो. साहजिकच एका ओळीत जितके रंगांचे तुकडे तितक्या कांड्या हाताशी ठेवाव्या लागतात. बाणा इतका दाटून ठोकला जातो की ताणा पूर्णपणे झाकला जातो. दिसतो तो केवळ बाणाच. जेथे दोन रंग उभ्या रेषेत भेटतात तेथे फट राहते. ती मागाहून सुईने शिवतात.

पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात उभे माग आहेत. मध्य फ्रान्समधील ओब्यूसाँ येथे, जेथील विणकामाची नोंद २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली, आडवा माग वापरतात. तेथे ताण्याच्या खाली पूर्ण आकाराचा आराखडा पसरलेला असतो आणि विणकर वस्त्राची मागची बाजू वर ठेवून विणीत जातो. विणलेला भाग गुंडाळला जातो. काम पूर्ण होऊन वस्त्र मागावरून कापून उतरविले म्हणजेच विणकराला सबंध चित्र सुलट्या बाजूने प्रथम दिसते. कित्येक महिने आपण काय करीत आहो हे तुकड्यातुकड्याने जाणून काम करावयाचे, ही शिस्त थोडी नव्हे.

मराठी वाचकाला यात काही ओळखीचे वाटेल, आणि ते योग्यच आहे. पैठणीचा पदर याच तत्त्वाने विणला जातो. नाशिक जिल्ह्यातील येवले येथे किंवा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील पैठण येथे मागावर बसलेल्या कारागिरापुढे रंगीत रेशमाच्या कितीतरी लहान तिल्ल्या लोंबत असतात. मुनियेच्या चोचीचा तांबडा धागा चोचीपुरता, अंगाचा हिरवा अंगापुरता. फरक एवढाच की पैठणीत शेजारचे धागे एकमेकांत अडकवून घेतात, त्यामुळे फट राहत नाही आणि पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. युरोपातील लोकरीची भिंत आणि आपल्या लग्नातील रेशमी पदर हे विणीच्या नात्याने भाऊबंद आहेत. आता काठासाठी काही मागांवर जकार्डची जोड घेतली जाते. परंतु हाताने विणलेल्या पदराला आजही पर्याय नाही. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले, हे वाचकांना ठाऊक असेलच.

संत्र्याच्या झाडांवरील पांघरूण

आँजेच्या चित्रजवनिकेचा पुढील इतिहास मात्र गौरवाचा नाही. इ. स. १४०० मध्ये दुसरा लुई याच्या विवाहप्रसंगी ती आर्ल येथे थाटाने टांगली गेली. पुढे राजा रेने याने ती आँजेच्या कॅथेड्रलला दिली आणि तेथे ती मोठ्या सणांच्या दिवशी लावली जात असे. अठराव्या शतकात अभिरुची पालटली. चौदाव्या शतकातील ही चित्रे जुनाट व ओबडधोबड वाटू लागली, इतके मोठे ओझे चढवा-उतरवा करणे त्रासाचे झाले, आणि १७८२ मध्ये ती विक्रीस काढली गेली. गिऱ्हाईक मिळाले नाही.

पुढे राज्यक्रांतीच्या काळात व नंतर तिचे तुकडे झाले. थंडीत संत्र्याच्या झाडांना पांघरूण म्हणून, तबेल्यात घोड्यांना भिंतीचा मार लागू नये म्हणून, पायपुसण्यासाठी, छताची गळती झाकण्यासाठी तिचे तुकडे वापरले गेले. हे करणारे लोक दुष्ट नव्हते. जाड लोकरीचे कापड हाताशी होते आणि गरज होती, एवढेच. १८४३ मध्ये आँजेच्या बिशपांनी उरलेले भाग अल्प किमतीला परत मिळविले आणि जूबेर नावाच्या एका धर्मोपदेशकाने पुढील कित्येक वर्षे तुकडे शोधणे, जुळविणे आणि दुरुस्त करणे यांत घालविली. आज दिसते ते सुमारे सत्तर प्रसंगांचे वैभव त्या चिकाटीचे फळ होय. मधूनमधून भिंत रिकामी सोडलेली आहे. तेथे जे होते ते परत आले नाही.

एक गोष्ट विचारात पाडणारी आहे. ही चित्रजवनिका निव्वळ लोकरीची आहे. तीत सोन्याचांदीचा धागा नाही. त्याच काळात, १७९७ मध्ये, पॅरिसमधील राजसंग्रहातील जरीच्या कित्येक मौल्यवान चित्रजवनिका त्यांतील धातू मिळविण्यासाठी जाळण्यात आल्या. जी अधिक श्रीमंत होती ती भस्म झाली. जी साधी होती ती तबेल्यात का होईना, उरली.

हे वाचताना मला आमच्या घरचे अंगण आठवले. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. जुना जर विकत घेणारा एक मनुष्य गावात येत असे. आजीच्या लग्नातील पैठणी घडीवर विरली होती, नेसण्याजोगी राहिली नव्हती, आणि घरात पैशाची निकड होती. आईने ती त्याच्यापुढे ठेवली. त्याने लोखंडी घमेल्यात ती पेटविली. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, तो वास आला. राख चाळून उरलेला धातूचा गोळा त्याने तराजूत घातला, आणि आम्हां मुलांना त्या तराजूचेच काय ते कौतुक वाटले. पैठणी कोणी विणली, कोठे विणली, तिच्या पदरावर काय काय होते, हे कोणी लिहून ठेवले नव्हते. आज सांगणारेही कोणी उरले नाही. देण्यापूर्वी आईने कात्रीने पदराचा वीतभर तुकडा, एका मुनियेचा, कापून घेतला होता. तेवढा आमच्याकडे आहे.

रंग आणि प्रकाश

आँजे येथील दालन इतके अंधारे का, असा प्रश्न तेथे येणारी शाळकरी मुलेही विचारतात. १९५४ च्या इमारतीला मोठ्या खिडक्या होत्या आणि दिवसाचा उजेड थेट आत येत असे. त्या उजेडाने रंग आणखी उडू लागले. तेव्हा १९९० च्या दशकात दालनाची फेररचना करून बाहेरचा प्रकाश बंद करण्यात आला. जुन्या वस्त्रांसाठी संग्रहालये साधारणतः ५० लक्सची मर्यादा पाळतात. आपल्या कचेरीतील टेबलावर ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. भर दुपारच्या उन्हात तो १,००,००० लक्सच्या घरात जातो. प्रकाशाने झालेली हानी साठत जाते आणि ती भरून येत नाही. वस्त्राला अंधारात विश्रांती दिली तर पुढील हानी थांबते, मागील परत मिळत नाही.

चौदाव्या शतकातील रंगाऱ्याकडे रंग थोडेच होते. तांबड्यासाठी मंजिष्ठेच्या वर्गातील मुळे, निळ्यासाठी नीळ देणारी युरोपातील एक वनस्पती, आणि पिवळ्यासाठी एक रानटी झुडूप. हिरवा रंग निळ्यावर पिवळा चढवून करीत. या तिन्हींत पिवळा सर्वांत नाजूक. तो उडाला की हिरवी पाने निळी दिसू लागतात. जुन्या चित्रजवनिकांत निळी झाडे दिसली तर ती कलावंताची लहर समजू नये.

आणि आता सर्वांत आश्चर्याची बाब. १९८० च्या दशकात संरक्षणाच्या कामासाठी या चित्रजवनिकेचे अस्तर काढण्यात आले. मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच नीटनेटकी निघाली. धाग्यांची टोके विणकरांनी आत दडविली होती. आणि सहाशे वर्षे प्रकाश न पाहिलेल्या त्या बाजूवर हिरवे रंग हिरवे होते. त्या बाजूची छायाचित्रे पाहिल्यावर पुढील बाजूकडे पुन्हा पाहणे थोडे दुःखाचेच होते. २००९ च्या जानेवारीत किल्ल्यातील राजनिवासाच्या छपराला आग लागली, तेव्हा ही चित्रजवनिका वेगळ्या इमारतीत असल्याने बचावली. २०२३ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक स्मृतिपटात समावेश केला.

नदीपलीकडील रुग्णालय

दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून संत जाँ रुग्णालयात गेलो. बाराव्या शतकात, ११७५ च्या सुमारास, स्थापन झालेले हे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होते. सडपातळ स्तंभांवर तोललेल्या कमानींचे विस्तीर्ण सभागृह म्हणजे रुग्णांची जुनी खोली. तिच्या एका कोपऱ्यात औषधांच्या बरण्यांनी भरलेली जुनी फडताळे अजून आहेत, आणि भिंतींवर आहे जाँ ल्युर्सा याचे 'विश्वाचे गीत'.

ल्युर्सा (१८९२-१९६६) हा मूळचा चित्रकार. पहिल्या महायुद्धात तो सैनिक होता. दुसऱ्या महायुद्धात त्याने जर्मन सत्तेविरुद्धच्या प्रतिकारात भाग घेतला. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने आँजेची जुनी चित्रजवनिका पाहिली आणि त्याच्या कामाला निराळे वळण लागले. मधल्या शतकांत चित्रजवनिका तैलचित्रांची नक्कल करू लागली होती. एकोणिसाव्या शतकात गोबलँ येथील रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याने १४,००० हून अधिक छटांची मांडणी केली होती. ल्युर्साचे म्हणणे असे की जुन्या विणकराने मोजक्या रंगांत आणि जाड विणीत जे साधले ते या छटांच्या जंगलात हरवले. त्याने रंग मोजके ठेवले, धागा जाड घेतला, आणि आराखड्यावर रंगांऐवजी अंक लिहिले. अमुक क्षेत्र अमुक क्रमांकाच्या लोकरीचे. यामुळे काम वेगाने व कमी खर्चात होऊ लागले आणि ओब्यूसाँच्या मंदावलेल्या मागांना काम मिळाले. हातमागाच्या प्रश्नाशी संबंधित असलेल्यांनी या बाबीचा विचार अवश्य करावा. बाजार नव्हता म्हणून केवळ अनुदानाने माग चालविण्याऐवजी येथे एका कलावंताने मागाला झेपेल असा आराखडा दिला. अर्थात हा उपाय सर्वत्र लागू पडेल असे नाही. पैठणीचे मोल तर तिच्या बारकाव्यातच आहे.

'विश्वाचे गीत' विणण्यास १९५७ मध्ये आरंभ झाला. ल्युर्साच्या मृत्यूबरोबर मालिका दहा पटांवर थांबली. एकूण लांबी सुमारे ८० मीटर आहे. पार्श्वभूमी सर्वत्र काळी. पहिले चार पट संहाराचे आहेत : महासंकट, हिरोशिमाचा मनुष्य, सामुदायिक स्मशान, आणि सर्वांचा अंत. संत योहानाला जो अंत दिसला तो आता माणसाच्या हाती आला आहे, हे ल्युर्साला सांगावयाचे होते. पाचव्या पटात शांतता नांदणाऱ्या जगातील मनुष्य उभा राहतो, आणि पुढे पाणी, अग्नी, द्राक्षांचा उन्माद, अवकाशाचा वेध, काव्य असा क्रम येतो. खरे सांगावयाचे तर उत्तरार्धातील काही पट मला थोडे सजावटी वाटले. हिरोशिमाच्या मनुष्यापुढे मात्र बराच वेळ थांबलो. ज्या खोलीत सातशे वर्षे माणसे दुखणी काढीत होती आणि मरत होती, तेथेच तो जळालेला देह टांगलेला आहे. १९६७ मध्ये हा संच विकत घेताना आँजेच्या नगरपालिकेने त्यासाठी जागा निवडली ती ही.

लगतच्या जुन्या अनाथाश्रमाच्या वास्तूत १९८६ मध्ये ल्युर्साच्या नावाने समकालीन चित्रजवनिकांचे संग्रहालय सुरू झाले. तेथे पोलंडमध्ये जन्मलेला तॉमा ग्लेब पांढऱ्यावर पांढरे विणतो, केवळ विणीच्या उंचसखलपणातून आकृती उमटते. कॅटलोनियाचा ग्राउ-गारिगा ताग, दोरखंड आणि जुने कपडे यांचे ढीगच्या ढीग विणीत गुंतवून वस्त्र भिंतीपासून पुढे खेचतो. येथे काही प्रेक्षक गोंधळतात. माझ्यापुढील एका वृद्ध बाईने हात पाठीमागे बांधून त्या दोरखंडांचा वास घेतला आणि मान डोलावली.

आपल्या गावी काय करता येईल

संग्रहालय पाहून आल्यावर अधिकारी मंडळी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी करावे असे काही निघते काय? निघते, आणि त्याला मोठा निधी लागत नाही. देवळातील जुने ध्वज व पडदे, वाड्यातील शेले, शाळेच्या कपाटातील जुन्या गोधड्या यांची नुसती यादी केली तरी पुष्कळ झाले. वस्त्राबरोबर एक चिठ्ठी असावी : कोणाचे, कोणत्या गावचे, कोणत्या प्रसंगी वापरले, कोणी सांगितले. वस्त्र घडी घालून वर्षानुवर्षे ठेवल्यास घडीवरच विरते. म्हणून ते धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात घेऊन नळकांड्यावर गुंडाळावे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. डांबराच्या गोळ्या वस्त्राला, विशेषतः जरीला, टेकू देऊ नयेत. आणि काचेच्या चौकटीत घालून खिडकीसमोरच्या भिंतीवर लावण्याचा मोह आवरावा. सत्काराच्या सभागृहांत असे शेले मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत. सातवी-आठवीच्या मुलांना पुठ्ठ्याच्या चौकटीवर सुतळीचा ताणा बांधून दोन रंगांच्या लोकरीने एक त्रिकोण विणावयास दिला, तर बाणा माघारी का फिरतो हे एका तासात कळते.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी दिवाणखान्याच्या भिंतीवरून आमची मुनिया उतरविली. वीस वर्षे ती चौकटीत, पूर्वेच्या खिडकीसमोर होती. मागील कागद सोडविला आणि तुकडा उलटा केला. पुढील बाजूस जी मुनिया राखाडी म्हणून आम्ही ओळखत होतो ती मागील बाजूस हिरवीगार होती, आणि तिची चोच तांबडी होती. आईला दाखविली. ती म्हणाली, "अशीच होती." मग मांजरपाट धुऊन वाळविला, तुकडा गुंडाळला, आणि चिठ्ठीवर आजीचे नाव, माहेरचे गाव आणि आईला आठवले ते लग्नाचे वर्ष लिहिले. विणकराच्या नावाची ओळ कोरी ठेवली आहे.